छबीच्या हाताचा दावा

संपादकसाहेब म्हणाले, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा, पण जरा शुद्ध लिहा." मी म्हटलं, शुद्धच पाहिजे तं कोर्टाचं एखादं निकालपत्र छापा. ते एवढं शुद्ध असते का जिंकणाऱ्यालेही समजत नाही आपण जिंकलो म्हणून. मी जसा बोलतो तसाच लिहीन. ते हसले. त्याले मी होकार समजून राहिलो.

तसा मी काही रिटायर झालेला म्हातारा नाही. तीस-बत्तीस वर्षांचा गडी आहो. पण भंडाऱ्याच्या ज्या भाऊसाहेब वकिलांकडे मी मुन्शी होतो, त्याईनं यंदा काळा कोट खुंटीले टांगला. ऑफिस बंद झालं. आता मी कोर्टाच्या फाटकासमोर टाइपरायटर घेऊन बसतो. धंदा बरा चालते. पण भाऊसाहेबांच्या त्या ओसरीची आठवण आली का बोटं चुकीच्या अक्षरावर पडतात.

मुन्शी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाले समजत नाही. वकील कोर्टात उभा राहते, बाकी सारं मुन्शी करते. पक्षकाराले पेशीची तारीख सांगणं, स्टॅम्प आणणं, वकालतनाम्यावर आंगठा घेणं, पुकारा झाला का लघवीले गेलेला साक्षीदार धरून आणणं. अन् पक्षकार रडला तर पाणी देणं. हे शेवटचं काम सर्वात जास्त.

माझ्यात एक खोड होती. शाळेपासून मी लोकाईच्या नकला करो. हेडमास्तर, कंडक्टर, भजनातला बेसूर बुवा, कोणीच सुटला नाही. कोर्टात आल्यावर तं खजिनाच सापडला. एक दिवस मी ओसरीवर जजसाहेबांची नक्कल करून राहिलो होतो. ते ऐनकेवरून पाहत अन् "पुढे?" म्हणत, तसं. समोरचे पक्षकार हसता हसता एकदम उठून उभे झाले. मागे भाऊसाहेब उभे.

मी समजलो, गेली नोकरी. भाऊसाहेब म्हणाले, "समोरच्या पार्टीचे वकील येतात का तुला?"

"येतात जी."

"कर."

मी केले. पान एका गालात, चष्मा कपाळावर, अन् प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "खरं का खोटं?" भाऊसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक पक्षकाराची उलटतपासणी आधी तू इथं घ्यायची. इथं जो टिकेल, त्याचाच दावा मी लिहीन."

झालं. ओसरीवर माझं नाटक सुरू झालं. कारध्याचा एक म्हातारा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची केस घेऊन आला. मी समोरचा वकील होऊन दोन प्रश्न काय विचारले, त्यानं माझ्यावर काठीच उगारली. भाऊसाहेब आतून म्हणाले, "केस चांगली आहे, बुवा. फक्त पेशीला काठी घरी ठेवून या."

अशा गमती पुष्कळ. पण मले सांगायचं आहे ते छबीचं.

मोहाडीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, लोकं अजून तिथंच राहतात. तिथून किसन अन् त्याची बायको सुगंधा आली. सुगंधाच्या कडेवर तीन वर्षांची छबी. पोरगी गोड, गालाले खळी. पण उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. भाऊसाहेबांनी फडकं सोडलं. मूठ होती. पण ते मूठ उघडत नव्हती. बोटं तळहाताले चिकटून गेली होती, जसं कणकेच्या गोळ्याले कोणी नुसत्या रेघा मारल्या.

"भाजलं कशानं?"

"सुताच्या खळीनं," किसन म्हणाला.

त्यांच्या गावात रोवण्याच्या दिवसांत महिला मंडळ पाळणाघर चालवे. धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, म्हटली का गावच्या साऱ्या बाया चिखलात. लेकरं कोण पाहीन? म्हणून कोष्टीपुऱ्यात एका विणकराची समोरची खोली घेतली होती. कौसाबाई नावाची एक विधवा बाई लेकरं सांभाळे. पोरं तिले कौसामाय म्हणत. आया मंडळाले पायलीभर तांदूळ देत, मंडळ कौसाबाईले मजुरी देई. त्या खोलीच्या मागच्या अंगणात विणकराची चूल. ताण्याच्या सुताले लावायची खळ, म्हणजे भाताची चिकट पेज, त्या चुलीवर शिजे. पावसात खळीचं काम बंदच असते. पण त्या दिवशी चार दिवसांनी ऊन पडलं, म्हणून विणकरानं मडकं चढवलं अन् उतरवून थंड व्हायले ठेवलं. मागच्या दाराले कडी नव्हती, कौसाबाई तिथं एक पाट आडवा लावे. छबी पाट ओलांडून गेली अन् हात मडक्यात.

घरच्याईनं घाबरून कोरफड लावली अन् सारी बोटं एका फडक्यात घट्ट बांधून ठेवली. चूक झाली ती तिथं. बोटं वेगवेगळी बांधायले पाहिजे होती. जखम भरली, पण मुठीसकट भरली. आता भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, नागपूरले ऑपरेशन करा, अन् लवकर करा. पोरगी वाढन, हाडं वाकडी होतीन, मग कोणीच उघडू शकणार नाही.

"मग थांबलात काहून इतके दिवस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

किसननं मान खाली घातली. "गावात बैठक झाली जी. मंडळानं हिले लुगडं देलं, पोरीले फराक देला, एक पोतं धान देलं. कागद लिवला का आमची कोनावर तक्रार नाई. मी आंगठा देऊन बसलो. आता काई होत नसन ना?"

इथं भाऊसाहेबांनी जे सांगितलं ते मी पुढे शंभर लोकाईले सांगितलं, म्हणून इथं लिहितोच.

"किसनराव, आंगठा तुमचा. हात पोरीचा. तुमची तक्रार तुम्ही सोडू शकता. पोरीचं नुकसान करून तिचा हक्क तुम्हाला असा पोत्याभर धानात सोडता येत नाही. ती मोठी झाल्यावरसुद्धा स्वतः उभी राहून विचारू शकते. पण तेव्हा हात उघडणार नाही, म्हणून आपण आत्ता विचारू."

मग त्याईनं तीन रस्ते सांगितले. पहिला, पोलीस ठाणं. निष्काळजीपणाचा गुन्हा. त्यात होईल तर कौसाबाईला शिक्षा होईल. दुसरा, पंचायत समितीत अर्ज. चौकशी होईल, खोलीला कुलूप लागेल, दाराला कडी लागेल. तिसरा, दिवाणी दावा. मुलीच्या नावानं, मंडळावर. लेकरू ताब्यात घेतलं का ते सांभाळायची जबाबदारी घेतली, मग नुकसान भरून द्या.

"हात कोनत्या रस्त्यानं उघडते?" सुगंधानं विचारलं.

"तिसऱ्या."

"पन पयल्यानं कौसी तं आत जाईन ना? तिले आधी पाठवा आत!" सुगंधा एकदम कडाडली. "सारं तिच्यामुळं झालं!"

भाऊसाहेब म्हणाले, "आधी नोटीस देऊ."

नोटीस मी लिहिली, मंडळाले एक अन् कौसाबाईले एक. तरुण रक्त, त्यात सुगंधाचं रडणं पाहिलेलं. कौसाबाईच्या नोटिसीत असे शब्द टाकले का वाचणाऱ्याले वाटावं, ही बाई लेकरं तळून खाते. भाऊसाहेबांनी अर्धे खोडले. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी ते खोडलेलंच कौसाबाईच्या आवाजात वाचून दाखवलं. तिले मी पाहिलंही नव्हतं. सुगंधानं सांगितलं होतं का ते नाकात बोलते, तेवढ्यावर मी पूर्ण बाई उभी केली. टपरी हसून हसून लोटपोट. त्या हसणाऱ्यांत त्या गावचा एक माणूस बसला होता, हे मले माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी बातमी आली. कौसाबाई गाव सोडून दिघोरीले भावाकडे गेली. भंडाऱ्यात लोकं तिच्या नकला करतात, हे तिले समजलं होतं.

मले लाज वाटली का? खरं सांगतो, तेव्हा थोडीच वाटली. जास्त नंतर वाटली.

मंडळाचं उत्तर आलं. अध्यक्ष पाटलीनबाई, गावच्या मोठ्या घरची सून. उत्तर वकिलानं लिहिलेलं, खाली सही बाईंची. सदर बाई आपल्या मर्जीनं लेकरं सोडून कुठंतरी गेली होती, मंडळाले याची कल्पना नव्हती, जबाबदारी तिची एकटीची. म्हणजे ज्या बाईजवळ स्वतःचं चुलीएवढं घर, तिच्या गळ्यात सारं बांधून मोकळे.

"आता तालीम घे," भाऊसाहेब मले म्हणाले. "आधी समोरचे वकील हो. मग कौसाबाई हो. तिला कोर्टात बोलावलं तर ती काय म्हणेल ते सुगंधाबाईंना ऐकू दे."

किसन खांबाले टेकून बसला. सुगंधा समोर. छबी माझ्या शाईच्या दौतीशी डाव्या हातानं खेळून राहिली होती. वकील मी झकास केला, सुगंधा टिकली. मग मी डोक्यावर उपरणं घेतलं अन् नाकात सुरू झालो.

"मी तं तिथंच बसली होती वं सुगंधा. पोट्टे निजले होते. मी कायले जाईन वं लेकराईले सोडून? हे पोट्टीच लय वांड हाय. तुलेच सांभारता येत नाई, मले..."

"तशी नोको बोलू!" सुगंधा ओरडली.

मी थांबलो नाही. मले वाटलं, रंग भरून राहिला. "काहून नोको? मी होती ना तिथं. तुई पोट्टीच..."

"कौसी खोटं नाई बोलत!" सुगंधा उभी झाली. मले बोलून राहिली होती का खऱ्या कौसाबाईले, समजे ना. "तू तिथं नोती. तुले मी नेली. मीच आली होती तुले बलवाले."

छबीनं दौत पाडली, ते कोणी उचलली नाही.

त्या दिवशी बोजारा होता. रोवणा संपला का शेवटच्या दिवशी बाया शेतमालकाले चिखल लावतात, अन् मालक त्याईले धुऱ्यावरच गोडधोड देते, त्याले बोजारा म्हणतात. बायांनी म्हटलं, दीड महिना आपली लेकरं कौसीनं पाहिली म्हणून आपले हात मोकळे राहिले. तिच्या वाट्याचा बोजारा तिच्याच हातात पडला पाहिजे, तिच्याशिवाय रोवणा पुरा कसा? बोलवायले कोण जाते? सुगंधा पळत गेली. कौसाबाई नाही म्हणत होती. सुगंधानं तिचा हात धरला, "पोट्टे निजले हायेत, पाट लाव, पाच मिंटं ये." पाचच मिनिटं झाली, पण तेवढ्यातच छबी पाट ओलांडून गेली.

किसन उठून बाहेर गेला. आमाले वाटलं, आता घरी जाऊन काय होते कोणास ठाऊक. सुगंधा पदर तोंडात कोंबून बसली. म्हणाली, "मी सांगतली असती तं केसच नसती झाली ना जी? मायचीच चूक म्हनले असते. मंग हात कसा उघडला असता? म्हनून मी सारं तिच्यावर टाकलं."

भाऊसाहेब खुर्ची सोडून तिच्यासमोर खाली बसले. असे बसलेले मी त्याईले त्याआधी पाहिले नव्हते.

"सुगंधाबाई, नीट ऐका. आईची चूक लेकराच्या खात्यात जात नाही. तुम्ही बोलावलं ही तुमची चूक असेल. पण लेकरं सोडून जाऊ नये अशी व्यवस्था करायचं काम मंडळाचं. दुसरी बाई ठेवायची, दाराला कडी लावायची. तुमच्या चुकीनं छबीचा दावा बुडत नाही. खोट्यानं मात्र बुडेल."

किसन परत आला. बिडी विझवली. बायकोकडे न पाहता म्हणाला, "मी बी तं आंगठा देऊन आलो होतो तिले न इचारता. फिटंफाट. कौसीले आना आता."

आणायचं काम माझ्याकडे. दिघोरीपर्यंत एसटी, पुढे धानाच्या बांध्याबांध्यानं, खाचरांतून, पायी. कौसाबाई भावाच्या अंगणात धान पाखडून राहिली होती. बारीकशी बाई, अन् नाकात बिलकुल बोलत नव्हती. सुगंधानं ऐकलं तेव्हा तिले सर्दी झाली होती म्हणे.

"मी भंडाऱ्याहून आलो, वकिलाचा मुन्शी," म्हटलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "माही नक्कल करते थो तूच का?"

"हो, माय."

"असा दिसतेस होय." एवढंच. मग पाणी दिलं.

मी विचारलं, सुगंधानं बोलावलं होतं, हे तुमी कोणालेच काहून सांगितलं नाही? ते म्हणाली, "कायले सांगू? नवऱ्यानं हाकलली असती तिले. एका पोट्टीचा हात गेला, आखीन तिची माय बी घालवू का? मी तं एकटीच हावो, मले कोन हाकलते?"

पाण्याचा गिलास माझ्या हातात होता. मले त्या क्षणाले टपरीवरचं हसणं ऐकू आलं. मी म्हटलं, "माय, चुकलो." ते म्हणाली, "बरं. एसटी किती वाजता हाय?"

दावा लागला. फक्त मंडळावर, कौसाबाई साक्षीदार. वादी म्हणून छबीचं नाव: वय वर्षे तीन, अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई. अठराच्या आतल्या प्रत्येकाले कोर्ट 'अज्ञान' म्हणते. किसनले ते पटलं नाही. "साहेब, पोट्टी अज्ञान नाई जी, लय हुशार हाय, तेवढं खोडा."

स्टॅम्प फी भरायची ऐपत नाही म्हणून नादारीचा अर्ज दिला. असा अर्ज दिला का कोर्ट तपासते, खरंच काही नाही ना? जजसाहेबांनी किसनले विचारलं, वादीच्या नावावर काय मालमत्ता आहे?

किसननं छाती काढली. "एक बोकड हाय साहेब. छबीच्याच नावानं सोडला."

"विकला तर फी भरता येईल?"

"देवाचा हाय जी. साहेबांले चालत असन तं देवाले इचारून पाहतो."

जजसाहेब ऐनकेवरून पाहत राहिले. "पुढे," म्हणाले. नादारी मंजूर.

वर्षाच्या आत केस पुराव्यावर आली, हे दिवाणी कोर्टात चमत्कारच. भाऊसाहेब प्रत्येक पेशीले छबीचा हात दाखवत अन् म्हणत, तारीख वाढते तसं हाड वाढते.

सुगंधा पिंजऱ्यात उभी राहिली. सारं सांगितलं, बोजारा, बोलावणं, हात धरणं. समोरच्या वकिलाले तं लॉटरीच लागली. पान गालात सारलं.

"म्हणजे बाई, बोलावून नेणाऱ्या तुम्हीच, आणि दावा लावणाऱ्याही तुम्हीच. खरं का खोटं?"

"खोटं."

"खोटं कसं?"

"दावा मी नाई लावला जी. तिनं लावला. मी तं तिच्या मांगं उभी हावो." छबी बाकावर किसनच्या मांडीवर होती. "माहा गुना असन तं माह्या नावानं लिवा. तिच्या हातावर कायले लिवता?"

हे मी तिले शिकवलं नव्हतं. तालमीत हा प्रश्नच नव्हता.

मग कौसाबाई. भाऊसाहेबांनी मोजके प्रश्न विचारले.

"बोजारा कोणाच्या बांधीवर होता?"

"पाटलीनबाईच्या."

"त्या हजर होत्या?"

"त्याईचाच तं बोजारा."

"तुम्हाला त्यांनी पाहिलं?"

"पाह्यलं ना. माह्या कपाराले चिखल त्याईनंच लावला. म्हने, कौसे, तू बी आली, लय बेस झालं."

मंडळाले कल्पना नव्हती असं ज्या कागदावर लिहिलं होतं, त्याच्या खाली सही पाटलीनबाईची. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. सारं कोर्ट वळून पाहायले लागलं. त्याईनं पदर सावरला अन् उभ्या झाल्या. त्यांच्या वकिलानं खाली बसायची खूण केली, तरी बसल्या नाहीत. "साहेब, हे खरं आहे. वकील म्हणाले तसं मी सही केली. त्या दिवशी लेकरं कोणाजवळ आहेत, हे मी तिला विचारलंच नाही."

दुपारनंतर समेटाचं बोलणं झालं. मंडळाच्या वकिलानं कागद केला: इतकी रक्कम वडिलांस मिळाली, दावा निकाली. साऱ्याईच्या सह्या, आंगठे. मी समजलो, सुटलो. पण अज्ञान मुलाचा समेट कोर्टाच्या परवानगीशिवाय होत नाही. जजसाहेबांनी कागद वाचला अन् बाजूले ठेवला.

"यात वडिलांसाठी आहे. मुलीच्या हातासाठी काय आहे?"

साहेबांनी कागद परत आमच्याकडे सरकवला.

"ऑपरेशन कोण करवणार? नागपूरला सोबत कोण राहणार? पुन्हा दाखवायला कोण नेणार? हे लिहून आणा. आणि हात मला दाखवल्याशिवाय मी हे बंद करणार नाही."

कागद पुन्हा लिहिला, मीच टाइप केला. ऑपरेशन, राहणं, जाणं-येणं, सारं मंडळाकडे. सोबत कोण, या रकान्यात सुगंधाचं नाव टाकलं. तर मागून आवाज आला, "माहं बी टाक." कौसाबाई. मी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधा सरकली अन् तिले बाकावर जागा करून दिली.

दोघी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात महिन्यावर राहिल्या. मांडीची चामडी काढून बोटांत लावली. दोनदा टाके उसवले, एकदा ताप चढला. दर आठवड्याले किसन ओसरीवर येऊन मले सांगे, अन् मी भाऊसाहेबांले. त्या दिवसांत मी कोणाचीच नक्कल केली नाही. कोणी मागितलीही नाही.

मग हात दाखवायची पेशी आली. पट्टेवाल्यानं पुकारा केला, "वादी छबीऽऽ हाजिर?" किसननं छबीले जजसाहेबांच्या टेबलासमोर उभी केली. साहेबांनी ऐनक वर केली.

"बेटा, हात उघड."

चार बोटं सरळ झाली. करंगळी आकड्यासारखी वाकडीच राहिली. डॉक्टर म्हणाले होते, ते तशीच राहीन.

"काही धरता येतं का?" साहेबांनी किसनले विचारलं. छबीनंच इकडंतिकडं पाहिलं. स्टेनोच्या टेबलावर टाचण्यांची डबी होती. तिनं ते पालथी केली. स्टेनो हात पुढे करायले गेला, साहेबांनी बोटानं थांबवलं.

छबीनं आंगठा अन् पहिलं बोट जुळवून एक टाचणी उचलली. डबीत टाकली. ठण. दुसरी निसटली, पुन्हा धरली. ठण. बाहेर पुढच्या केसचे लोक दारात गर्दी करून उभे. समोरचे वकील पान चघळायचे थांबले. सुगंधा अन् कौसाबाई एकमेकींचा हात धरून उभ्या, जसं काही पोरगी नदी ओलांडून राहिली.

साऱ्या टाचण्या डबीत गेल्या, तोपर्यंत जजसाहेबांनी पुढचा पुकारा होऊ दिला नाही.